अमेरिकेत आलेल्या आई-बाबांचा व्हिजिटर इन्शुरन्स: ऐन वेळी किती कामाचा?

आधी निकाल. अमेरिकेत मुलांकडे राहायला येणाऱ्या आई-बाबांसाठी जो व्हिजिटर इन्शुरन्स मिळतो, त्यातली कॉम्प्रिहेन्सिव्ह प्रकारची योजना घ्यावी. फिक्स्ड बेनिफिट प्रकारची कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. पाचपैकी गुण द्यायचे तर पहिलीला साडेतीन, दुसरीला एक. पहिलीचे दीड गुण कापले जातात ते मुख्यतः एका कलमामुळे, आणि पॉलिसी घेताना नेमकं तेच कलम वाचायचं राहून जातं.

फिक्स्ड बेनिफिट योजनेत प्रत्येक सेवेची रक्कम ठरलेली असते: डॉक्टरांच्या एका भेटीचे इतके डॉलर, आयसीयूच्या एका दिवसाचे इतके, शस्त्रक्रियेचे जास्तीत जास्त इतके. हे आहेराच्या पाकिटासारखं आहे. लग्नाचा खर्च कितीही होवो, पाकिटात ठरलेले एकशे एकच. माहितीपत्रकावर ‘५०,००० डॉलर’ किंवा ‘१ लाख डॉलर’ असं ठळक छापलेलं असतं, पण तक्त्यातल्या एकेका ओळीची मर्यादा इतकी तोकडी असते की त्या आकड्याच्या जवळपासही पोचणं अवघड. आयएमजी कंपनीची व्हिजिटर्स केअर ही या गटातली. कॉम्प्रिहेन्सिव्ह गटात ॲटलास अमेरिका, पॅट्रिअट अमेरिका प्लस, सेफ ट्रॅव्हल्स यूएसए कॉम्प्रिहेन्सिव्ह ही नावं जास्त चालतात. त्यांत आधी तुम्ही डिडक्टिबल, म्हणजे खर्चातली ठरलेली पहिली रक्कम, भरता, मग काही योजनांत पहिल्या ५,००० डॉलरपैकी २० टक्के तुमच्याकडे, आणि त्यापुढचं पॉलिसीच्या कमाल मर्यादेपर्यंत कंपनीकडे.

आकड्यांत पाहू. समजा, हॉस्पिटलने ६०,००० डॉलरचं बिल लावलं आणि पीपीओ नेटवर्कच्या (दर आधीच ठरवून घेतलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांच्या जाळ्याच्या) करारामुळे ते २४,००० वर आलं. डिडक्टिबल २५० असेल तर उरले २३,७५०. त्यातल्या पहिल्या ५,००० चे २० टक्के म्हणजे १,००० तुमचे, बाकी २२,७५० कंपनीचे. तुमच्या खिशातून गेले १,२५०. तेच दुखणं फिक्स्ड बेनिफिटवर काढलं, तक्त्याप्रमाणे सगळं मिळून समजा ९,००० डॉलर सुटले आणि नेटवर्कची सवलत नसली, तर ५१,००० डॉलर तुमच्या अंगावर. नेटवर्कमुळे बिल उतरणं हाच कॉम्प्रिहेन्सिव्ह योजनेचा खरा फायदा आहे, आणि जाहिरातीत तो सर्वांत कमी दिसतो.

डिडक्टिबल शून्य घेण्याचा मोह होतो. तो टाळून २५० किंवा ५०० ठेवावं आणि वाचलेला हप्ता कमाल मर्यादा वाढवण्यावर घालावा. लहानसहान दुखण्याला लागणारे शे-दोनशे डॉलर कोणालाही झेपतात, आयसीयूचा आठवडा झेपत नाही. मात्र डिडक्टिबल संपूर्ण पॉलिसीला एकदाच लागतं की प्रत्येक आजाराला नव्याने, हे बघून घ्या.

वयाची दोन वळणं आहेत, ७० आणि ८०. सत्तरीनंतर बऱ्याच योजना कमाल मर्यादा कमी करतात किंवा जुन्या आजारासंबंधीची कलमं आवळतात. ऐंशीनंतर काही योजनांत कमाल मर्यादा थेट १०,००० डॉलरवर येते, म्हणजे आयसीयूत दोन-तीन दिवसही निभणार नाहीत. बाबा ७२ आणि आई ६६ असतील तर दोघांची वेगवेगळी पॉलिसी काढा. एकीत दोघांना बसवलं की आईलाही बाबांच्या वयाच्या अटींत राहून निवड करावी लागते.

आता ते कलम: ‘ॲक्यूट ऑनसेट ऑफ प्री-एक्झिस्टिंग कंडिशन’. या योजना जुने आजार धरत नाहीत. धरतात तो फक्त जुन्या आजाराचा अचानक उठलेला झटका, आणि त्याची व्याख्या फार कडक आहे. झटका आधी काही लक्षण न देता आलेला असावा, वेगाने बिघडत जाणारा असावा, तातडीचे उपचार लागणारा असावा, आणि सुरू झाल्यापासून २४ तासांच्या आत उपचार घेतलेले असावेत. हळूहळू वाढत गेलेलं दुखणं यात बसत नाही. मधुमेहाची नेहमीची तपासणी, डायलिसिस, केमोथेरपी, गोळ्या संपल्याने वाढलेली शुगर, यातलं काहीही नाही.

‘बाबांना हृदयविकार कधी नव्हताच, आम्हाला हे कलम कशाला?’ असं म्हणू नका. बीपी, कोलेस्टेरॉल किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल तर हार्ट अटॅक किंवा पक्षाघात त्या जुन्या आजारातूनच आला, असं कंपनी म्हणू शकते आणि बहुधा म्हणतेच. साठीपुढच्या मराठी माणसाला यातली एखादी तरी गोळी असतेच. तेव्हा ज्या पॉलिसीत हे कलम नाही किंवा त्याची मर्यादा नाममात्र आहे, ती बाजूला ठेवा. कलम असलं तरी हृदयविकार आणि पक्षाघातासाठी आत वेगळी, छोटी मर्यादा घातली आहे का, तेही बघा.

या कलमामुळे दोन गोष्टी आधीच ठरवाव्या लागतात. काही पॉलिसींत अट असते की झटक्याआधीचे ३० दिवस आजार स्थिर असावा, औषध किंवा त्याचा डोस बदललेला नसावा. आपल्याकडे विमानात बसण्याच्या आदल्या आठवड्यात ‘एकदा सगळं चेकअप करून घेऊ’ म्हणतात, डॉक्टर बीपीची गोळी वाढवून देतात, आणि पॉलिसीतली ३० दिवसांची अट तिथेच मोडते. चेकअप निघण्याच्या दोन-तीन महिने आधी उरका. दुसरी गोष्ट मनाच्या तयारीची. आई-बाबा तिकडे दुखणं अंगावर काढतात, कारण ‘इथे डॉक्टर महाग, मुलाला उगाच खर्च’. चार दिवस जिना चढताना धाप लागते, कोणाला सांगत नाहीत, पाचव्या दिवशी इमर्जन्सीत जावं लागतं. परिचारिका विचारते कधीपासून, ते म्हणतात चार दिवसांपासून, आणि ट्रायाजच्या, म्हणजे इमर्जन्सीतल्या पहिल्या तपासणीच्या, नोंदीत ते उमटतं. पुढे क्लेम तपासणारा माणूस सगळ्यांत आधी वाचतो ती हीच ओळ. खोटं सांगायचा प्रश्नच नाही, ते उपचारालाही घातक. पण नेमकं सांगायला हवं: पोटात गॅस चार दिवसांपासून, छातीत कळ आज पहाटेपासून. दोन तक्रारी एकात मिसळल्या की नोंदीत दोन्ही चार दिवसांच्या होतात.

आणि झटका ओसरला की या कलमाचं कामही संपतं. ॲन्जिओप्लास्टी होऊन रुग्ण स्थिर झाला, की नंतरच्या तपासण्या, कार्डिॲक रिहॅब, ‘दुसऱ्या नळीतला ब्लॉक पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून ठरवलेला स्टेंट, हे सहसा मिळत नाही. ते पुण्यात किंवा मुंबईत परतून करायचं, असं धरूनच चाला.

प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा विमा कंपनीला फोन नंतर, ९११ या तिथल्या आपत्कालीन नंबरला आधी. बोलताना पहिलं वाक्य पत्त्याचं, अपार्टमेंटच्या नंबरासह; फोन तुटला तरी माणसं दारात पोचतात. दिवसा आई-बाबा घरात एकटे असतात, म्हणून पत्ता मोठ्या अक्षरांत फ्रिजवर चिकटवा, आणि इंग्रजी अडलं तर नुसतं ‘मराठी’ किंवा ‘हिंदी’ म्हणायला शिकवून ठेवा. ९११ च्या बहुतेक केंद्रांना फोनवर दुभाषी जोडून घेता येतो. फोन आपण ठेवायचा नाही, दाराची कडी काढून ठेवायची. ॲस्पिरिन चावायला द्यायची की नाही हे फोनवरचा माणूस विचारून सांगतो, आपण मनाने देऊ नये. तोंड वाकडं होणं, हात गळणं, बोलणं अडखळणं असं दिसलं तर घड्याळ बघा. हॉस्पिटलात पहिला प्रश्न असतो ‘शेवटचं नीट कधी पाहिलं?’ रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ते तास लक्षण दिसल्यापासून नाही, शेवटचं ठणठणीत पाहिल्यापासून मोजतात.

रुग्णवाहिका सांगाल त्या नाही, जवळच्या योग्य हॉस्पिटलात नेते. तिथे नेटवर्कचा वाद घालू नका. १९८६ च्या एम्टाला कायद्यानुसार मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा) घेणाऱ्या प्रत्येक हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागाला विमा किंवा नागरिकत्व न बघता तपासणी करावी लागते आणि प्रकृती स्थिर करावी लागते. डिपॉझिट भरल्याशिवाय हात लावणार नाहीत ही आपली धास्ती तिथे अनाठायी आहे. बिल मात्र नंतर येतंच.

ताप, जुलाब, लघवीची जळजळ, मुरगळलेला पाय, यांसाठी इमर्जन्सीत न जाता अर्जंट केअर दवाखाना गाठावा. तिथला खर्च किती तरी कमी असतो. काही योजना अर्जंट केअरला नुसता छोटा कोपे (दर भेटीला आपण भरायची ठरलेली रक्कम) लावतात, आणि इमर्जन्सीत जाऊन दाखल न होता परतलात तर २०० डॉलरच्या आसपास वेगळा कोपे घेतात. छातीत दुखणं, धाप, बेशुद्धी, डोक्याला मार यांत अर्जंट केअरला जाऊन वेळ घालवू नका. तेही ९११ लाच फोन करतील.

रिसेप्शनवर ‘ट्रॅव्हल इन्शुरन्स आहे’ म्हटलं की समोरचा माणूस तुमची नोंद सेल्फ-पे, म्हणजे विम्याशिवाय स्वतः पैसे भरणारे, म्हणून करून टाकतो. ‘पीपीओ प्लॅन आहे’ म्हणा, कार्ड पुढे करा, त्यावरचं नेटवर्कचं नाव दाखवा आणि पाठीमागच्या नंबरावर फोन करून एलिजिबिलिटी, म्हणजे पॉलिसी चालू आहे का, ते तपासायला सांगा. पॉलिसीवरचं नाव पासपोर्टाप्रमाणे अक्षरशः तेच हवं. आपल्या पासपोर्टात स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. पॉलिसी काढताना ते गाळलं, हॉस्पिटलने पासपोर्टावरून सगळं उतरवलं, की दोन नावं जुळत नाहीत आणि क्लेम अडकतो. सोशल सिक्युरिटी नंबराची जागा मोकळी सोडायची.

भरतीच्या कागदांत ‘गॅरंटर’ असा रकाना येतो. तिथे मुलाने किंवा मुलीने सही केली तर बिलाची वैयक्तिक जबाबदारी त्यांच्यावर येते. रुग्ण शुद्धीवर असेल तर तो स्वतःच स्वतःचा गॅरंटर. रुग्णाच्या वतीने सही करावीच लागली तर सहीखाली आपलं नातं लिहा आणि आर्थिक जबाबदारीचा मजकूर वेगळा वाचा. टॅब्लेटवर भराभर सह्या घेतात तेव्हा ‘छापील प्रत द्या’ म्हणायला संकोच नको. त्याच वेळी रुग्णाच्या माहितीचा संमतीफॉर्म भरून घ्या, नाहीतर १९९६ च्या हिपा कायद्याकडे बोट दाखवून फोनवर तुम्हाला काही सांगणार नाहीत.

मराठी दुभाष्या मागा. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलांना तो फुकट पुरवावा लागतो, बहुधा फोनवर किंवा व्हिडिओवर. मुलगा-सून दुभाष्याचं काम करतात तेव्हा दोन्हीकडून गाळलं जातं: आई सुनेसमोर बद्धकोष्ठ सांगत नाही, आणि मुलगा ‘५ टक्के धोका आहे’ हे आईला सांगत नाही.

औषधांची यादी ब्रँडच्या नावाने नेऊ नका. इकोस्प्रिन, टेल्मा, ग्लायकोमेट, थायरोनॉर्म ही नावं तिथल्या डॉक्टरांना ओळखीची नाहीत. अनुक्रमे ॲस्पिरिन, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, लेव्होथायरॉक्सिन असं लिहा, मिलिग्रॅम आणि वेळेसह. क्रोसिनमधलं पॅरासिटामॉल तिकडे ॲसिटामिनोफेन म्हणून मिळतं. घरात दोन्ही असतील तर नकळत दुहेरी डोस जातो आणि तो यकृताला झेपत नाही. स्टेंट असेल तर त्याचं कार्ड, जुना ईसीजी आणि शेवटचा इको फोनमध्ये ठेवा. जुना ईसीजी शेजारी ठेवला की बदल नवा आहे की मुरलेला, हे डॉक्टरांना लगेच कळतं. भारतातलं प्रिस्क्रिप्शन तिथल्या फार्मसीत चालत नाही, म्हणून गोळ्या मुक्कामापेक्षा महिनाभर जास्तीच्या न्या, मूळ पाकिटांत.

दाखल केल्यावर साधारण ४८ तासांच्या आत विमा कंपनीला कळवायचं असतं. त्याला प्री-सर्टिफिकेशन म्हणतात. ते चुकवलं तर काही योजना देय रकमेतून ५० टक्क्यांपर्यंत कापतात. रुग्ण ‘इनपेशंट’ (रीतसर दाखल) आहे की ‘ऑब्झर्व्हेशन’वर (नुसता देखरेखीखाली), हेही विचारा. रात्रभर पलंगावर झोपवूनही कागदोपत्री ऑब्झर्व्हेशनच असू शकतं, आणि मग ‘दाखल झाल्यास इमर्जन्सीचा कोपे माफ’ ही सवलत मिळत नाही.

बिलं एक नाही, पाच-सहा येतात: हॉस्पिटलचं, इमर्जन्सीच्या डॉक्टरांचं, रेडिओलॉजीचं, भूलतज्ज्ञाचं, रुग्णवाहिकेचं, लॅबचं. हॉस्पिटल नेटवर्कमध्ये असलं म्हणून तिथले सगळे डॉक्टर असतीलच असं नाही. २०२२ पासून लागू झालेला नो सरप्राइजेस कायदा आपल्याला वाचवेल अशी समजूत ठेवू नका: तो मुख्यतः तिथल्या नियमित आरोग्य विम्यासाठी आहे, आणि रस्त्याने जाणारी रुग्णवाहिका त्यातही नाही. प्रत्येकाकडून आयटमाइज्ड, म्हणजे बाबवार, बिल मागवा. हॉस्पिटलचा यूबी-०४ आणि डॉक्टरांचा सीएमएस-१५०० हे फॉर्म थेट विमा कंपनीकडे गेले का, ते विचारा. तुमच्या बाजूने क्लेम फॉर्म, पासपोर्टची प्रत, आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची नोंद) आणि तिकिटाचा पुरावा जातो. मुदत योजनेप्रमाणे ६० ते १८० दिवसांपर्यंत असते आणि ती कोणी आठवण करून देत नाही.

क्लेम रखडतो तो बहुतेक वेळा एकाच जागी. कंपनी भारतातल्या डॉक्टरांकडून मागच्या दोन-तीन वर्षांची कागदपत्रं मागते, आणि आपल्या फॅमिली डॉक्टरांकडे केसपेपरशिवाय काही नसतं. निघण्यापूर्वीच त्यांच्या लेटरहेडवर अर्ध्या पानाचं इंग्रजी पत्र घ्या: कोणते आजार, कधीपासून, कोणत्या गोळ्या, शेवटचा बदल कधी. मधल्या काळात हॉस्पिटलच्या बिलिंग विभागाला फोन करून ‘क्लेम पेंडिंग आहे, खातं होल्डवर ठेवा’ असं सांगा आणि बोलणाऱ्याचं नाव, तारीख, संदर्भ क्रमांक टिपून घ्या. नाहीतर काही महिन्यांत बिल वसुली एजन्सीकडे जातं. कंपनीकडून येणारं ईओबी, म्हणजे क्लेमचा हिशेब सांगणारं पत्रक, हे बिल नसतं, ते बघून पैसे भरू नका. हॉस्पिटलचं बिल आणि ईओबी जुळले की मगच भरा.

क्लेम फेटाळला तर आधी लेखी अपील, सोबत डॉक्टरांचं पत्र की झटका अचानक आला होता. त्याच वेळी हॉस्पिटलचा फायनान्शियल असिस्टन्सचा अर्ज भरा. ना-नफा हॉस्पिटलांना असं धोरण कायद्यानेच ठेवावं लागतं, आणि घरी सोडल्यानंतरच्या पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत अर्ज घ्यावा लागतो. पाहुण्यांना ते बसतं की नाही हे प्रत्येक हॉस्पिटलच्या धोरणावर आहे. नाहीच बसलं तर सेल्फ-पे दर आणि एकरकमी सवलत मागा. मागितल्याशिवाय ती कोणी देत नाही.

भारतातून काढलेल्या परदेश प्रवास विम्याबद्दल थोडक्यात. हप्ता कमी, मराठीत बोलणारा एजंट, आणि तंटा झालाच तर पुणे-मुंबईच्या विमा लोकपालांकडे जाता येतं, हा मोठा आधार. पण साठीपुढच्या वयाला अनेक पॉलिसींत खोलीभाडं, आयसीयू, सर्जनची फी यांना आतल्या आत मर्यादा असतात, म्हणजे ती गुपचूप फिक्स्ड बेनिफिटच होते. तिथल्या हॉस्पिटलाला कार्डही ओळखीचं नसतं. युरोपात शेंगेन व्हिसाला ३०,००० युरोचं संरक्षण लागतं, तिथे ती चालून जाते. अमेरिकेसाठी नको.

मुदतवाढीत एक खाच आहे. पॉलिसी संपण्याआधी तीच पुढे वाढवली तर दरम्यान सुरू झालेल्या दुखण्याचं संरक्षण चालू राहतं. एक दिवस जरी खाडा पडून नवी घेतली तर तेच दुखणं ‘प्री-एक्झिस्टिंग’ होतं आणि डिडक्टिबलही नव्याने. हॉस्पिटलमुळे मुक्काम लांबणार असेल तर आय-९४ वरची तारीख उलटण्याआधी आय-५३९ हा मुक्काम वाढवण्याचा अर्ज डॉक्टरांच्या पत्रासह गेला पाहिजे. व्हिसावरची तारीख इथे कामाची नाही.

‘मेडिकल इव्हॅक्युएशन’चा मोठा आकडा बघून भुलू नका. त्याचा अर्थ जवळच्या सक्षम हॉस्पिटलात हलवणं, पुण्याला आणून सोडणं नव्हे, आणि अमेरिकेत सक्षम हॉस्पिटल बहुधा जवळच असतं. परतीसाठी एअरलाइनचा मेडिफ फॉर्म (रुग्ण विमानप्रवासाला योग्य असल्याचा) तिथल्या डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागतो, विमानाच्या काही दिवस आधी. प्राणवायू लागणार असेल तर स्वतःचा सिलिंडर विमानात चालत नाही, मान्यताप्राप्त पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर लागतो आणि त्याच्या बॅटऱ्या प्रवासाच्या वेळेपेक्षा बऱ्याच जास्त. लवकर परतलात तर उरलेल्या दिवसांचा हप्ता बऱ्याच योजना थोडी फी कापून परत देतात, पण एकही क्लेम केलेला नसला तरच.